मोठ्यांची भातुकली

लग्नानंतरचे खेळ आठवून पाहा. हळदीच्या पाण्यातली अंगठी शोधायची, घट्ट मिटलेल्या मुठीतली सुपारी सोडवायची, सगळ्यांसमोर उखाणा घ्यायचा. या खेळांमागे एक साधी सोय होती. कालपर्यंत अनोळखी असलेल्या दोन माणसांचा संकोच हसत-खेळत कमी व्हावा. पण सत्यनारायण आटोपला की हे खेळही संपतात, आणि बहुतेक घरांत नवरा-बायको पुन्हा कधी एकमेकांशी खेळत नाहीत. दहा-पंधरा वर्षांनी बोलणं उरतं ते किराणा, कर्जाचे हप्ते आणि मुलांच्या शिकवणीचं. रात्री दोघांच्या हातात दोन मोबाइल असतात.

संसारी माणसांनी खेळू नये असं आपल्या परंपरेनं कधी म्हटलेलं नाही. वेरूळच्या लेण्यांत शिव-पार्वती सारीपाट खेळत बसल्याची शिल्पं आहेत. यवतमाळसह विदर्भात मुली भुलाबाईची गाणी म्हणतात आणि बंद डब्यातली खिरापत ओळखायला लावतात. भातुकलीत तर प्रत्येकानं कधी ना कधी आई, बाबा किंवा पाहुणा होऊन पाहिलेलं असतं.

भातुकलीला नियम आणि फासे जोडले की जे तयार होतं, तो खेळ आज जगभर मोठी माणसं खेळतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकी खेळाडूंनी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला. पहिल्या आवृत्तीत एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका होत्या आणि प्रती होत्या फक्त एक हजार. या खेळात पट लागतोच असं नाही. एक जण सूत्रधार होतो आणि प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक पात्र होतात आणि ‘आता मी काय करतो’ ते सांगतात. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासा टाकायचा. सोंगट्यांसारखं कुणी कुणाला मारायचं नसतं. सगळे मिळून गोष्ट पुढे नेतात. याच खेळासाठी ट्रेसी आणि लॉरा हिकमन या जोडप्यानं मिळून लिहिलेलं ‘रेव्हनलॉफ्ट’ हे साहस १९८३ मध्ये आलं आणि ते आजही खेळलं जातं.

आता समजा, पुसदमधलं एक जोडपं आहे. ती शाळेत विज्ञान शिकवते. पुण्यात शिकताना वसतिगृहात हा खेळ ती मैत्रिणींबरोबर खेळली होती. त्याचं कृषी केंद्र आहे. उन्हाळ्यात दुकानात गर्दी नसते, पण उधारी अडकलेली असते, त्यामुळे रिकामा वेळ अधिकच जड जातो. एका संध्याकाळी ती उत्साहानं खेळ मांडते. अर्धा तास नियम सांगते. तो काहीतरी करू पाहतो, की ती म्हणते, “अहो, असं नाही चालत.” तिसऱ्यांदा ते ऐकल्यावर तो उठतो. “मले नाही समजत हे. तूच खेळ.”

पहिली भेट बहुतेक इथेच फसते. तो कंटाळला म्हणून उठला, असं तिला वाटतं. खरं तर बायकोसमोर आपण अडाणी दिसतोय, हे त्याला सोसत नाही. एरवी घरात ज्याला विचारलं जातं, तो इथे नवशिका आहे. शिकवणाऱ्यानं हे ओळखलं नाही तर खेळ परीक्षा होऊन बसतो.

यात मेंदूचाही भाग आहे. एका वेळी मनात धरून वापरता येतील अशा नव्या गोष्टींची संख्या फार थोडी असते. नेल्सन कोवन या मानसशास्त्रज्ञानं २००१ मध्ये ती साधारण चारच्या आसपास मांडली. या खेळाचं खेळाडूंसाठीचं पुस्तक तीनशेहून अधिक पानांचं आहे. ते आधी समजावून सांगणं म्हणजे चार घड्यांच्या पिशवीत पोतं रिकामं करणं. नियम लागेल तेव्हा, लागेल तेवढाच सांगावा.

आठवडाभरानं ती वेगळं करते. पुस्तक बाजूला ठेवते. गोष्ट राक्षस आणि किल्ल्यांची नाही, टिपेश्वरच्या जंगलाची निवडते, कारण ते त्याला माहीत आहे. “तुम्ही वाटाडे आहात. गावातला एक पोरगा संध्याकाळपासून सापडत नाही. पाणवठ्याजवळ वाघाचे ठसे आहेत. काय कराल?” तो विचार करतो. मशाल पेटवून एकट्यानं आत जाईल, असं तिला वाटत असतं. तो म्हणतो, “मी आधी गावात जाऊन चार माणसं आणतो. एकट्यानं जायची भीती वाटते. पण हे गावात सांगायचं नाही.” ती काही बोलत नाही. फासा त्याच्यापुढे सरकवते.

भीती वाटते, हे वाक्य घरात त्या माणसानं कित्येक वर्षांत उच्चारलेलं नसतं. पात्राच्या तोंडून ते सहज बाहेर येतं. दुसऱ्याची भूमिका घेतली की स्वतःचं सांगणं सोपं होतं, हे उपचारातही वापरलं गेलं आहे. व्हिएन्नात काम केलेल्या जेकब मोरेनो या डॉक्टरनं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मनोनाट्याची पद्धत उभी केली. तिच्यात रुग्ण प्रसंग नुसता सांगत नाही, तो करून दाखवतो, कधी समोरच्याची भूमिका घेऊनही. ज्या जिल्ह्यात पुरुषाचं गप्प बसणं हाच त्याचा खंबीरपणा मानला जातो आणि त्या गप्प बसण्याची किंमत अनेक शेतकरी कुटुंबांनी मोजली आहे, तिथे बोलण्याची कोणतीही वाट क्षुल्लक नाही.

दोघांनी मिळून नवं काही केल्याचा परिणाम प्रयोगातही दिसला आहे. आर्थर अॅरन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही जोडप्यांचे हात-पाय मनगटाशी आणि घोट्याशी एकमेकांना बांधले. मग एक उशी हात न लावता दोघांच्या मध्ये धरून त्यांना गादीवरून रांगत न्यायला सांगितलं. खेळ फक्त सात मिनिटांचा होता. साधं, कंटाळवाणं काम दिलेल्या जोडप्यांपेक्षा या जोडप्यांनी नंतर आपल्या नात्याबद्दल अधिक समाधान नोंदवलं. हा परिणाम लगेच मोजलेला आहे. सात मिनिटांनी संसार सुधारतो, असा त्याचा अर्थ नाही. पण रोजच्या चाकोरीबाहेरचं काही एकत्र केलं की माणसं जवळ येतात, एवढं त्यातून दिसतं.

घरी सुरुवात करायची तर वीस बाजूंचा खास फासा हवाच असं नाही. त्या फाशावर बारा किंवा अधिक पडण्याची शक्यता ४५ टक्के असते. ल्युडोचे दोन फासे टाकून बेरीज सात किंवा अधिक आली तर ‘जमलं’ धरायचं ठरवलं, तर शक्यता सुमारे ५८ टक्के होते. नवशिक्याला हेच बरं. पहिल्या दिवशी त्याला अपयशापेक्षा यश थोडं जास्त मिळावं.

बाकी पथ्यं साधी आहेत. गोष्ट समोरच्याच्या ओळखीच्या जगातली घ्यावी. एका बैठकीला तासभर पुरे. रात्रीची झोप मोडू नये, आणि मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर फाशाबरोबर फरसाणाची परात पुढे घेऊ नये. पाहुण्यांसमोर पहिला डाव मांडू नये. चूक काढू नये. नियम मोडला तर तो मोडू द्यावा, गोष्ट मोडू देऊ नये. डावात कानावर पडलेलं काही नंतर भांडणात काढू नये, नाहीतर पुढच्या वेळी पात्रही गप्प बसेल. आणि समोरच्यानं दोन-तीनदा खेळून ‘नको’ म्हटलं तर ते ‘नको’ मान्य करावं. खेळ दोघांचा आहे.

खेळ हा उपचार नव्हे, हेही लक्षात ठेवावं. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, झोप आणि भूक गेली असेल, कशातच रस वाटत नसेल किंवा जगणं नकोसं झाल्याचं बोलणं कानावर आलं, तर डाव बाजूला ठेवून सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जावं. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तिथे फोन करायला पैसे लागत नाहीत.

पुसदच्या त्या घरात, समजा, पोरगा सापडतो. चार माणसं बरोबर होती म्हणून सापडतो. डबे आवरताना ती सहज विचारते, “दुकानाचं काय चाललंय हो?” या वेळी तो ‘ठीक आहे’ म्हणून विषय संपवत नाही. उधारीची वही घेऊन तिच्यासमोर बसतो.