विश्लेषण : निकाल आधीच ठरलेला, तरी ‘डब्ल्यूडब्ल्यूई’चा चाहता चिडतो कशावर?

शनिवार, ३ फेब्रुवारी २०२४. भारतात सकाळचे साडेआठ वाजत आले होते. अमेरिकेतील बर्मिंगहॅम शहरात शुक्रवारची रात्र होती आणि ‘डब्ल्यूडब्ल्यूई’च्या ‘स्मॅकडाऊन’ या साप्ताहिक कार्यक्रमाचा शेवटचा प्रसंग सुरू होता. कोडी ऱ्होड्सने रेसलमेनियात रोमन रेन्सशी लढण्याची स्वतःची संधी सोडली. त्याच्या जागी ‘द रॉक’ रिंगमध्ये आला आणि कोडी मुकाट्याने निघून गेला. एरवी रॉकचे नुसते संगीत वाजले तरी चाहते बेभान होतात. या वेळी मात्र समाजमाध्यमांवर ‘वुई वॉन्ट कोडी’चा भडिमार झाला आणि यूट्यूबवर त्या चित्रफितीखाली नापसंतीचा ढीग लागला. सगळे ठरवूनच होते, हे ठाऊक असलेला चाहता एवढा का संतापला?

हे सगळे खोटेच असते ना?

जुळवून खेळलेल्या लढतीला आपल्याकडे ‘नुरा कुस्ती’ म्हणतात. त्या शब्दात फसवणूक आहे. इथे ती नाही. हा खेळ नसून मनोरंजन आहे, हे या कंपनीने १९८९ मध्येच न्यू जर्सीत मान्य केले. क्रीडा नियमांच्या जाचातून सुटण्यासाठी. विजेता लेखक ठरवतात. उंचावरून आदळणारे शरीर मात्र खरे असते. त्यामुळे ‘कोण जिंकेल’ यापेक्षा ‘कोणाला जिंकवायला हवे’ हा चाहत्याचा प्रश्न असतो.

कोडीबाबत एवढे काय होते?

कोडीचे वडील डस्टी ऱ्होड्स हे मोठे नाव. पण या कंपनीचे सर्वोच्च विजेतेपद त्यांना कधी मिळाले नाही. ते मिळवून ‘गोष्ट पूर्ण करायची’, हे कोडीचे ध्येय. २०२३ च्या रेसलमेनियात तो रेन्सकडून हरला. २७ जानेवारी २०२४ रोजी सलग दुसऱ्यांदा ‘रॉयल रम्बल’ जिंकून त्याने पुन्हा हक्क मिळवला आणि अवघ्या सहा दिवसांत तो सोडला. त्यातच रॉक नुकताच मूळ कंपनी ‘टीकेओ’च्या संचालक मंडळावर आला होता. वर्षभर रांगेत उभा असलेला मागे आणि वशिलेवाला पुढे, असा अर्थ चाहत्यांनी काढला.

हुर्यो तर रोजच उडवतात, यात नवे काय?

हुर्यो दोन प्रकारची असते. खलनायकाला मिळणारी हुर्यो म्हणजे त्याच्या कामाची पावतीच. दुसरी लेखकाला उद्देशून असते : ‘तुम्ही गोष्ट बिघडवताय.’ ३ फेब्रुवारीचा संताप दुसऱ्या प्रकारचा होता. कंपनीने तो पहिल्या प्रकारात वळवला. ८ फेब्रुवारीला लास वेगासमधील कार्यक्रमात प्रेक्षकांनी रॉकची हुर्यो उडवली, कोडीने आपला हक्क परत मागितला आणि रॉकने त्याच्या थोबाडीत मारली. रॉकच खलनायक झाला. ७ एप्रिलला फिलाडेल्फियात कोडी जिंकला आणि रेन्सची १,३१६ दिवसांची सद्दी संपली.

असे आधी घडले होते?

होय. २०१४ मध्ये डॅनियल ब्रायनला मुख्य लढतीबाहेर ठेवल्यावर पिट्सबर्गच्या प्रेक्षकांनी ‘रॉयल रम्बल’चा शेवट हुर्योने बुडवला. १० मार्चच्या ‘रॉ’मध्ये ‘येस’ म्हणत चाहते रिंगभोवती ठाण मांडून बसले. ते बंडही पटकथेतलेच होते, पण ते लिहायला भाग पाडणारा राग खरा होता. ६ एप्रिलला ब्रायन विजेता ठरला. खुद्द रॉकही अशाच रागातून घडला. हसतमुख नायक म्हणून आणलेल्या या तरुणाला प्रेक्षकांनी झिडकारले. १९९७ मध्ये तो खलनायक झाला आणि तिथून त्याचे दिवस पालटले.

प्रत्येक वेळी चाहत्यांचे ऐकले जाते?

नाही. रोमन रेन्सला २०१५ पासून हुर्यो मिळत होती, तरी कंपनी त्याला वर्षानुवर्षे नायक म्हणूनच पुढे करत राहिली. २०२० मध्ये तो खलनायक झाला, तेव्हा करोनामुळे रिंगभोवती चाहते नव्हते, त्यांचे चेहरे पडद्यांवर होते. त्याच वर्षी रिकाम्या सभागृहातले भागही प्रसारित झाले. आपटण्याचा आवाज ऐकू यायचा, पण त्यावर ओरडणारे कोणी नव्हते. लढती त्याच, मल्लही तेच. तरी कार्यक्रम सरावासारखा वाटायचा.

मग जिंकले कोण?

कंपनीने संतापाचीही तिकिटे विकली, हे खरेच. पण ३ फेब्रुवारीला चाहते गप्प बसले असते, तर एप्रिलची लढत वेगळी दिसली असती. एप्रिल २०२५ पासून हे कार्यक्रम भारतात ‘नेटफ्लिक्स’वर दिसतात. इथला चाहता सकाळी घरचे झोपलेले असताना कानात इअरफोन घालून पाहतो. त्याला ओरडता येत नाही, म्हणून तो टाइप करतो. या कार्यक्रमात सगळे लिहिलेले असते. फक्त त्याची प्रतिक्रिया तेवढी कोणी लिहून देत नाही.