गुडघ्यातील खड्डा बुजतो. झीज बुजत नाही

‘डॉक्टर, गुडघ्यातले वंगण संपले आहे. आता म्हणे दुर्बिणीतून नवीन कूर्चा बसवतात. खरे का?’ असा प्रश्न दवाखान्यात आठवड्यातून दोन-चार वेळा तरी येतो. विचारणारे कधी निवृत्त गुरुजी असतात, कधी खुरपणीला जाणारी बाई, तर कधी कबड्डीच्या मैदानावरून लंगडत आलेला कॉलेजचा मुलगा. प्रश्न एकच असला तरी या तिघांना एकच उत्तर देता येत नाही. चुकीच्या उत्तरापायी कोणाचे पैसे जातात, तर कोणाचा गुडघा. म्हणून आज या विषयाची थोडी सविस्तर माहिती घेऊ.

कूर्चा म्हणजे काय?

सांध्यात जिथे दोन हाडे एकमेकांना टेकतात, तिथे त्यांच्या टोकांवर पांढरे, गुळगुळीत आवरण असते. मटण खाणाऱ्यांनी ते नळीच्या टोकाला पाहिले असेल. हीच कूर्चा. गुडघ्यात तिची जाडी साधारण दोन ते चार मिलिमीटर असते आणि तिच्यात निम्म्याहून अधिक पाणी असते. दोन हाडांच्या मध्ये चंद्रकोरीसारख्या ज्या दोन गाद्या असतात, त्या वेगळ्या. बोलताना लोक दोन्हींना ‘गादी’च म्हणतात आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो.

कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूही नसतात. हाताला कापले तर रक्त येते, ते गोठते आणि त्यातूनच जखम भरू लागते. कूर्चेला इजा झाली तर रक्तच येत नाही, मग भरून येणार कशी? मज्जातंतू नसल्यामुळे सुरुवातीला दुखतही नाही. सांध्याचे अस्तर सुजू लागले किंवा खालचे हाड उघडे पडू लागले, की मग वेदना सुरू होते. बिघडलेली कूर्चा पुन्हा पूर्ववत होत नाही, हे लंडनचे शल्यविशारद विल्यम हंटर यांनी 1743 सालीच लिहून ठेवले होते. त्यानंतरचा सगळा खटाटोप हे वाक्य खोटे पाडण्यासाठी चालला आहे. त्यात काही प्रमाणात यशही आले आहे, पण ते फक्त काही रुग्णांपुरते.

दोन वेगळे आजार

चांगल्या डांबरी रस्त्यावर एखादाच खड्डा पडला तर तेवढा बुजवून काम भागते. पण मैलभर रस्त्याचे डांबरच उडाले असेल तर खड्डे बुजवून उपयोग नाही. गुडघ्याचेही तसेच आहे.

विशीतल्या मुलाचा पाय पिरगळला आणि कूर्चेचा नखाएवढा तुकडा निघाला, तर तो खड्डा. बाकीची कूर्चा शाबूत असते. साठीतल्या माणसाच्या गुडघ्यात सगळीकडेच कूर्चा विरळ होते, हाडाला काटे फुटतात, पाय बाकदार होतात. ही झीज. दुर्बिणीचे कूर्चा-उपचार खड्ड्यासाठी शोधले गेले आहेत, झिजेसाठी नाहीत. आजच्या लेखातली एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तरी पुष्कळ झाले.

दुर्बिणीतून काय करता येते?

टोकियोचे डॉ. केन्जी ताकागी यांनी 1918 साली मूत्राशय पाहण्याची दुर्बीण मृत व्यक्तीच्या गुडघ्यात घालून पाहिली. तिथून हे शास्त्र सुरू झाले. आज पेन्सिलीएवढ्या किंवा त्याहून बारीक नळीतून गुडघ्याचा आतला भाग पडद्यावर दिसतो. बोटाच्या पेराएवढे दोन-तीन छेद पुरतात.

खड्डा भरण्याच्या मुख्य पद्धती तीन. पहिली ‘मायक्रोफ्रॅक्चर’. अमेरिकेतील कोलोरॅडोचे डॉ. रिचर्ड स्टेडमन यांनी 1980 च्या दशकात ती रूढ केली. खड्डा साफ करून तळाच्या हाडाला तीन-चार मिलिमीटर अंतरावर टोच्याने बारीक छिद्रे पाडतात. हाडातल्या मगजातून रक्त आणि पेशी वर येतात, गोठतात आणि तिथे नवे आवरण तयार होते. मात्र ते मूळ कूर्चेसारखे नसते. व्रणासारखे चिवट असते. लहान खड्ड्यात सुरुवातीला आराम चांगला पडतो, पण मोठ्या खड्ड्यात काही वर्षांत गुण ओसरू लागतो.

दुसरी पद्धत ‘मोझेकप्लास्टी’. हंगेरीचे डॉ. लास्लो हांगोदी यांनी ती 1992 पासून रुग्णांवर वापरली. त्याच गुडघ्याच्या कमी भार येणाऱ्या कडेवरून कूर्चेसकट हाडाच्या बारीक गुल्ल्या काढायच्या आणि खड्ड्यात शेजारी शेजारी ठोकून बसवायच्या. आवरण अस्सल मिळते. पण काढायच्या जागेला मर्यादा असते, त्यामुळे मोठा खड्डा भरता येत नाही.

तिसरी पद्धत स्वतःच्याच कूर्चापेशी वाढवून त्या परत बसवण्याची. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे 1987 साली ती प्रथम रुग्णावर झाली आणि 1994 साली पहिल्या 23 रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. दुर्बिणीतून कूर्चेचा कण काढतात, प्रयोगशाळेत काही आठवडे पेशी वाढवतात आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेत त्या खड्ड्यात बसवतात. मोठ्या खड्ड्याला ही पद्धत उपयोगी पडते, पण ती खर्चिक आहे आणि दुसऱ्या वेळी छेदही बहुधा थोडा मोठा घ्यावा लागतो.

छेद लहान म्हणजे दुखणे लहान, असे मात्र समजू नका. टाके आठवड्या-दोन आठवड्यांत निघतात, पण आतले आवरण धरायला वेळ लागतो. भार येणाऱ्या जागेवरचे काम असेल तर सुमारे सहा आठवडे कुबड्या, नियमित व्यायाम आणि खेळायला कित्येक महिने बंदी. पेरणी तोंडावर असताना किंवा घरात दुसरा कर्ता माणूस नसताना याचा विचार आधीच करायला हवा. शस्त्रक्रिया उत्तम झाली आणि पंधराव्या दिवशी पठ्ठ्या पोते उचलायला लागला, तर सगळे पाण्यात.

झिजलेल्या गुडघ्याची ‘सफाई’

साठीतल्या गुडघ्यात दुर्बीण घालून आत धुवायचे, कूर्चेचे धागे तासायचे, याला लोक ‘सफाई’ म्हणतात. याची कसोटी अमेरिकेतील ह्यूस्टन येथे लागली. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 180 रुग्णांचे तीन गट होते. एकाची सफाई केली, दुसऱ्याचा गुडघा नुसता धुतला आणि तिसऱ्याला फक्त कातडीवर छेद देऊन टाके घातले. कोणाचे काय केले हे रुग्णांना ठाऊक नव्हते. दोन वर्षे लक्ष ठेवले. तिन्ही गटांत वेदना आणि चालणे यांत फरक आढळला नाही. 2008 साली कॅनडातील अभ्यासातही व्यायाम व औषधे यांच्या जोडीला दुर्बिणीची शस्त्रक्रिया करून अधिक लाभ दिसला नाही. 2017 साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने झिजेच्या जवळजवळ सर्व रुग्णांत ही शस्त्रक्रिया करू नये, असा स्पष्ट सल्ला दिला.

सुईचे उपाय

‘वंगणाचे इंजेक्शन’ म्हणजे हायलुरोनिक आम्ल. त्याचे काही प्रकार कोंबड्याच्या तुऱ्यापासून बनवतात. काहींना काही महिने थोडा आराम वाटतो, पण सरासरी पाहता फायदा अगदी थोडा. आपलेच रक्त काढून, फिरवून त्यातला ‘पीआरपी’ हा भाग टोचण्याची सध्या लाट आहे. वेदना कमी झाल्याचे काही अभ्यास सांगतात. परंतु 2021 साली ऑस्ट्रेलियात 288 रुग्णांवर झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा वेदनेत किंवा कूर्चेत विशेष फरक पडला नाही. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने सूज लवकर उतरते, पण ते दर तीन महिन्यांनी घेत राहिल्यास कूर्चा अधिक विरते, असे 2017 च्या एका अभ्यासात दिसले.

मग करायचे काय?

माझ्याकडे बासष्ट वर्षांच्या एक आजी येतात. मुलगा बैलजोडी विकून शहरात ‘सफाई’ करायला निघाला होता. मी उभे राहून एक्स-रे काढायला सांगितला. दोन हाडांतली फट जवळजवळ मिटलेली होती. तीन महिने थांबा, असे सांगून व्यायाम लिहून दिला. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, पाचपर्यंत मोजायचे, दहा वेळा. मग पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा, दहा वेळा. हे दिवसातून तीनदा. उकिडवे बसणे बंद, संडासात खुर्ची, हातात काठी, जेवणातले तेल-साखर कमी. वजन पाच किलोने उतरले. एक किलो वजन घटले की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो. आजींचा गुडघा बरा झालेला नाही, जिना चढताना आजही दुखतो. पण त्या बाजाराला चालत जातात आणि बैल दावणीला आहेत. पुढे झेपेनासे झाले तर सांधा बदलण्याचा मार्ग त्यांना मोकळाच आहे.

उलट एका कबड्डीपटूला घरच्यांनी आठ महिने तेल चोळले. त्याचा गुडघा मध्येच अडकत असे. आत कूर्चेचा सुटा तुकडा फिरत होता. अशा मुलाने अस्थिरोगतज्ज्ञाकडे तातडीने जायला हवे. दुर्बीण त्याच्यासाठीच आहे.

शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला तर चार प्रश्न नम्रपणे विचारा. माझ्या गुडघ्यात खड्डा आहे की सगळीकडे झीज? खड्डा किती मोठा आहे आणि त्यासाठी कोणती पद्धत वापरणार? कुबड्यांवर किती आठवडे, कामावर केव्हा? शस्त्रक्रिया केलीच नाही तर काय होईल? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. ‘कूर्चा पुन्हा कोवळी करून देतो’ अशी हमी देणाऱ्याकडून मात्र लेखी मागा.

झिजेच्या दुखण्यात विचाराला सवड असते. पण गुडघा अचानक अडकून सरळ होईनासा झाला, मार लागताच टम्म सुजला किंवा लाल व गरम होऊन ताप आला, तर व्यायामही नको आणि तेलही नको. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.