दुखणं थांबतं, पण काय थांबवून?



रोपलावणीचे दिवस आले की गारगोटीच्या मेडिकल दुकानांत संध्याकाळची गर्दी वाढते. दिवसभर चिखलात वाकून आलेल्या बायका वीस रुपये पुढे करतात आणि म्हणतात, "दुखण्याची गोळी द्या." स्ट्रिप कापून चार गोळ्या हातात पडतात. गोळीचं नाव माहीत नाही, मुदत माहीत नाही, किती दिवस घ्यायची तेही माहीत नाही.

माझ्या ओळखीच्या एका मावशींनी अशी गोळी दोन वर्षं जवळजवळ रोज घेतली. "पोरी, गोळी घेटली की हात चालतोय, न्हाईतर रोजगार बुडतोय," असं त्या म्हणायच्या. एके दिवशी चक्कर येऊन बांधावर पडल्या. घरच्यांना वाटलं, अशक्तपणा आहे. मी विचारलं, "मावशी, संडासला कशी होते?" तर म्हणाल्या, "डांबरासारखी काळी. झाला की महिना." जठरातल्या जखमेतून रक्त झिरपत होतं. कोल्हापूरला नेऊन रक्त चढवलं, म्हणून वाचल्या. महिनाभर धोक्याची खूण दिसत होती, पण ती धोक्याची खूण आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते सांगण्यासाठी हा लेख.

गोळी काम कशी करते?

मार लागला किंवा सांधा सुजला की शरीर तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ तयार करतं. त्यांच्यामुळे सूज येते, भाग गरम होतो, ठणकतो. डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन ही औषधं हे पदार्थ तयार होऊ देत नाहीत. अ‍ॅस्पिरिन कसं काम करतं हे जॉन व्हेन या शास्त्रज्ञाने १९७१ साली दाखवलं, आणि १९८२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

अडचण अशी की हेच पदार्थ शरीरात चांगलं कामही करतात. जठरातल्या तीव्र आम्लापासून आतलं अस्तर तेच जपतात. अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडाकडे, म्हणजे किडनीकडे, रक्त नेणारी वाट तेच मोकळी ठेवतात. गोळीला गुडघा आणि जठर यांतला फरक कळत नाही. ती सगळीकडेच हे पदार्थ थांबवते. म्हणून दुखणं थांबतं, आणि त्याबरोबर राखणही थांबते.

"मी सुई घेते, पोटाला त्रास नको," असं अनेकजणी म्हणतात. पण सुईतलं औषधही रक्तातून सगळीकडे जातं, जठराची राखण तेही काढून घेतं. काहीजण सोबत आम्लपित्ताची गोळी घेतात. तिने जठर बऱ्यापैकी सांभाळलं जातं, मूत्रपिंड नाही.

गिधाडं कुठे गेली?

मूत्रपिंडाची गोष्ट आपल्या जुन्या माणसांना लवकर समजेल. पूर्वी गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की गिधाडं उतरायची. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा असं बजावलं आणि आपल्या माणसांनी ते सोडलं. गिधाडं मात्र त्यावरच जगत राहिली. १९९० नंतर ती झपाट्याने दिसेनाशी झाली. २००४ साली शास्त्रज्ञांना कारण सापडलं. आजारी जनावरांना टोचलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसात राहत होतं, आणि ते खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत होती. २००६ साली भारत सरकारने जनावरांसाठी हे औषध बंद केलं.

माणूस म्हणजे गिधाड नव्हे. आपलं मूत्रपिंड पुष्कळ सोसतं, आणि चार दिवस योग्य मात्रेत घेतलेली गोळी बहुतेक निरोगी माणसांना बाधत नाही. पण आपल्या बाया कशा राबतात ते पाहा. ऊसतोडीत, भांगलणीत, ऊन डोक्यावर, घाम वाहतोय, आणि लघवीला आडोसा नाही म्हणून त्या पाणीच कमी पितात. त्यावर रोजची गोळी. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर धोका आणखी वाढतो.

हृदयालाही धोका आहे. रोफेकॉक्सिब नावाची गोळी पोटाला सौम्य म्हणून जगभर खपली. तिने हृदयविकाराचा झटका येण्याचं प्रमाण वाढतं हे दिसल्यावर २००४ साली कंपनीनेच ती जगभरातून परत घेतली.

या गोळ्या कुणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत?

– पूर्वी अल्सर किंवा पोटातून रक्तस्राव झालेल्यांनी
– मूत्रपिंडाचा, यकृताचा किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी, रक्तदाब व मधुमेह असलेल्यांनी
– रक्त पातळ करण्याची गोळी चालू असलेल्यांनी (हृदयासाठी दिलेली अ‍ॅस्पिरिन मात्र स्वतःहून बंद करू नका)
– गरोदर बायकांनी, विशेषतः पाचव्या महिन्यापासून पुढे
– वयस्कर माणसांनी, आणि रोज दारू पिणाऱ्यांनी
– डेंग्यूची शंका असताना कुणीही. तापासाठी तेव्हा पॅरासिटामॉलच, तेही ठरलेल्या मात्रेत

दोन दुकानांतून दोन नावांच्या गोळ्या आणल्या, तरी आत औषध एकच असू शकतं. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरांत औषधाचं नाव असतं, ते शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या.

काळी संडास, चहाच्या चोथ्यासारखी उलटी, लघवी कमी होणं, तोंडावर-पायांवर सूज, छातीत दुखणं, दम लागणं, अंगावर चट्टे, डोळे पिवळे होणं, यातलं काहीही दिसलं तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रत्येक सांधेदुखी एक नसते

गुडघा झिजला की चालताना दुखतो, बसलं की बरं वाटतं. पण दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे सुजतात, सकाळी उठल्यावर अर्धा-एक तास मूठ वळत नाही, आणि असं सहा आठवडे चालतं, तेव्हा तो आमवात असू शकतो. हा बायकांना जास्त होतो. यात शरीराची संरक्षक शक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. दुखण्याच्या गोळीने ठणका कमी होतो, पण आत सांधा खराब होतच राहतो. पुढे बोटं वाकडी होतात आणि खुरपंसुद्धा धरता येत नाही.

त्यासाठी वेगळी औषधं आहेत. ती आजारालाच आवर घालतात. त्यांतलं मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. त्याचा गुण यायला काही आठवडे जातात, धीर सोडू नये. आणि एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवा: आमवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. वार ठरवा आणि कॅलेंडरवर खूण करा. सोबत डॉक्टर फॉलिक अ‍ॅसिड देतात. रक्ताची आणि यकृताची तपासणी ठरलेल्या वेळी करावीच लागते. गरोदरपणात हे औषध चालत नाही, आणि दारू वर्ज्य. तोंडात फोड, ताप किंवा कोरडा खोकला आला तर लगेच दाखवा.

तिसरी गोष्ट स्टेरॉइडची. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते उपयोगी औषध आहे. पण "जडीबुटी" म्हणून बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत ते मिसळलेलं आढळलं आहे. दोन दिवसांत चमत्कार होतो, भूक वाढते, चेहरा गोल होतो. पुढे साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडं ठिसूळ होतात. अशी पुडी महिनोन्‌महिने घेतली असेल तर एकदम बंदही करू नका, जीवावर बेतू शकतं. पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा.

मग करायचं काय?

दुखणाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. हाताला काम सोडवत नाही म्हणून तो गोळी घेतो. पण १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत आहेत. तो आपला हक्क आहे. गारगोटीच्या ग्रामीण रुग्णालयात जा, रक्तदाब बघून घ्या, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिनची तपासणी मागा. शेक, मांड्यांचा व्यायाम, वजन आटोक्यात ठेवणं, शेतात पाण्याची बाटली, आणि मालकाकडे आडोशाची मागणी, हेही उपचारच आहेत.

त्रिपिटकात एक प्रसंग येतो. वृद्धापकाळी तथागत सारिपुत्ताला म्हणाले की माझी पाठ दुखते आहे, मी जरा आडवा होतो, भिक्खूंना तू उपदेश कर. बुद्धांनी दुखणं लपवलं नाही आणि विश्रांतीची लाज बाळगली नाही. आपल्या आई-मावश्यांना ती विश्रांती मिळवून देणं घरातल्या सगळ्यांचं काम आहे.

येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात आशाताईंना बोलवा. प्रत्येकाने घरातली गोळ्यांची पिशवी आणावी आणि एकेक स्ट्रिप वाचून घ्यावी. जिचं नाव आणि कारण कळणार नाही, ती गोळी तोंडात टाकण्याआधी डॉक्टरांना दाखवावी.

जय भीम! नमो बुद्धाय!