रेस उतरत नाही, तेव्हा...

आपल्या मंडळातील अनेक सभासदांच्या घरी एखादी जुनी बुलेट अजून उभी आहे. कुणाला ती वडिलांकडून मिळाली, कुणी दवाखान्याच्या पहिल्या कमाईतून घेतली. एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले आणि नव्या बुलेटमधून कार्बोरेटर गेला. नुसत्या आवाजावरून कार्बोरेटरचे दुखणे ओळखणारे मेकॅनिकही आता बेळगावात शोधावे लागतात. म्हणून अशा गाडीच्या मालकाने थोडी वैद्यकी स्वतःच शिकून घेतलेली बरी. येथे एकच विकार घेतो, कारण तो जिवावर बेतू शकतो: मूठ सोडली तरी रेस न उतरणे. चोर्ला घाटाच्या उतारावर, वळणाच्या तोंडाशी हे घडले तर काय होईल, हे अपघात विभागात काम केलेल्यांना सांगायला नको.

तेव्हा आधी तातडीचा उपचार. क्लच दाबून धरावा, किल्लीने इग्निशन बंद करावे आणि गाडी थांबेपर्यंत क्लच सोडू नये. इंजिन ओरडेल, ओरडू द्यावे. जुन्या बुलेटवर डीकॉम्प्रेसरचा छोटा दांडा असतो, त्यानेही इंजिन बंद पडते. मूठ पुन्हापुन्हा उघडून-मिटून रस्त्यावरच स्लाइड सोडवू पाहणे हा धोक्याचा खेळ आहे.

आता शरीररचना. जुन्या बुलेटवर ब्रिटिश अमल पद्धतीचा कार्बोरेटर असे, पुढे जपानी मिकुनीच्या धर्तीचा मिक्कार्ब आला. दोहोंचे तत्त्व एकच. एका उभ्या नळकांड्यात एक दंडगोल वरखाली होतो, तीच स्लाइड. मूठ पिळली की केबल तिला वर ओढते, सोडली की डोक्यावरची स्प्रिंग तिला खाली ढकलते. केबल फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. हे ध्यानात ठेवले तर अर्धे निदान झाले. स्लाइडला परत आणणारी एकमेव शक्ती म्हणजे ती स्प्रिंग, आणि तिला कुठेतरी अडथळा होतो आहे.

अडथळा केबलमध्ये की कार्बोरेटरमध्ये, हा पहिला प्रश्न. इंजिन बंद ठेवून मूठ पूर्ण उघडावी आणि झटकन सोडावी. निरोगी स्लाइड 'टक्' असा स्वच्छ आवाज करून तळाशी बसते. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून हीच परीक्षा करावी. एका बाजूला आवाज मंदावला, किंवा चालू इंजिनची रेस हँडल वळवताच चढली, तर केबल ओढली जाते आहे किंवा टाकीखाली दबते आहे. मग कार्बोरेटरचे झाकण काढून स्लाइड बाहेर घ्यावी, केबल आणि स्प्रिंग सोडवावी आणि नुसती स्लाइड नळकांड्यात सोडावी. ती स्वतःच्या वजनाने सरकन खाली गेली पाहिजे. गेली, तर दोषी केबल, मूठ किंवा स्प्रिंग. अडकली, तर कार्बोरेटर. पाच मिनिटांची ही तपासणी टाळून थेट नवा कार्बोरेटर लिहून देणारे मेकॅनिक पाहिले की सर्दीला अँटिबायोटिक आठवते.

केबलचा दोष सोपा आहे. आतली एखादी तार तुटून तिचे टोक आवरणात रुतते. अशी केबल तेल घालून बरी होत नाही, बदलावीच लागते.

कार्बोरेटर दोषी ठरला तर आधी एक प्रश्न विचारावा: गाडी किती दिवस उभी होती? आपल्याकडचा पाऊस चार महिन्यांचा. तेवढ्यात उरलेले पेट्रोल उडून त्याचा डिंकासारखा थर बसतो. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतील ओल शोषते, आणि अमलच्या जस्तमिश्रित बॉडीवर पांढरी बुरशीसारखी पूड दिसू लागते. कार्बोरेटर क्लीनर आणि मऊ कापड यांनी दोन्ही निघतात. जास्त दिवस गाडी उभी करायची तर फ्लोटची वाटी रिकामी करून ठेवावी.

स्वच्छ करूनही स्लाइड अडते आणि तेही इंजिन तापल्यावर अधिक, असे असेल तर फ्लँजवर संशय घ्यावा. कार्बोरेटर इंजिनला जोडणारे दोन नट वर्षानुवर्षे जोर लावून आवळले की फ्लँजचे कान पुढे ओढले जातात, ती धनुष्यासारखी वाकते आणि गोल नळकांडे किंचित लंबवर्तुळाकार होते. निदानासाठी नट थोडे सैल करावेत. स्लाइड लगेच मोकळी झाली तर प्रश्न मिटला. कार्बोरेटर उतरवून फ्लँजवर पोलादी पट्टी धरली की मधून उजेड दिसतो. जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून फ्लँज हलक्या हाताने सपाट करता येते. नंतर नट आलटून पालटून, बेताने आवळावेत.

पॉलिश पेपर फक्त फ्लँजला, स्लाइडला कदापि नाही. अडते म्हणून स्लाइड घासून द्यायची रीत गॅरेजमध्ये सर्रास आहे, आणि मला ती अक्षम्य वाटते. स्लाइड त्या दिवशी मोकळी होते खरी, पण गेलेला धातू परत येत नाही. बाजूने हवा शिरू लागते, मंद रेस अस्थिर होते आणि स्लाइड खडखडू लागते. एखादा उंचावलेला ओरखडा तेवढा मेटल पॉलिशने उतरवावा. ग्रीसही लावू नये, त्यावर धूळ बसते. फार झिजलेल्या अमलच्या स्लाइडला स्लीव्ह बसवून देणारे कारागीर इंग्लंडमध्ये आहेत. मिक्कार्बला नवी स्लाइड घेणे बरे.

कधी स्लाइड नीट खाली बसलेली असते, तरी रेस वरच राहते. तेव्हा इंजिन आणि कार्बोरेटरच्या जोडावर थेंबभर तेल सोडावे. रेस बदलली तर गॅस्केटमधून हवा शिरते आहे.

जोडणी करताना स्लाइडचा कापलेला भाग एअर फिल्टरच्या बाजूला यावा आणि तिची खाच बॉडीतल्या खुंटीवर बसावी. उलटी बसली तर ती पूर्ण खाली येत नाही, आणि किक मारताच इंजिन भरधाव रेस घेते. म्हणून झाकण आवळल्यावर, किक मारण्याआधी, मूठ उघडून सोडावी आणि तो 'टक्' आवाज ऐकावा: हँडल सरळ असताना, डावीकडे वळवून आणि उजवीकडे वळवून.