चौदावा आखाडा आणि बघणारे लोक

आखाडा हा शब्द कानी पडला की आपल्या महाराष्ट्रातील माणसाच्या डोळ्यांपुढे तांबडी माती, लंगोट कसलेले दोन मल्ल आणि भोवती दाटीवाटीने बसलेले लोक उभे राहतात. उत्तर हिंदुस्थानात ह्याच शब्दाला दुसराही एक अर्थ आहे. साधूंच्या संघटित पंथांनाही तेथे आखाडेच म्हणतात. हे निव्वळ शब्दसाम्य नव्हे. हे साधू एके काळी शस्त्रे बाळगीत, तालीम करीत, राजेरजवाड्यांच्या बाजूने लढतही असत. कुंभमेळ्यात आधी स्नान कोणी करावयाचे ह्यावरून त्यांच्यात खरोखरीच्या लढाया झाल्या आहेत. आपल्या नाशिकलाच १७८९ च्या सिंहस्थात शैव आणि वैष्णव साधूंत मोठा रक्तपात झाला. त्यानंतर पेशव्यांच्या निवाड्याने शैवांनी त्र्यंबकेश्वरी आणि वैष्णवांनी नाशिकला स्नान करावे असे ठरले. ती वाटणी आजही चालू आहे. म्हणजे माती असो की नदीचा घाट असो, आखाड्यात उतरण्याचा हक्क कोणाला हे आधी ठरावे लागते. टाळ्या वाजवायच्या की दगड मारायचे हे बघणारे मागाहून ठरवितात.

आज ज्या आखाड्याविषयी बोलावयाचे तो २०१५ च्या ऑक्टोबर महिन्यात उज्जैन येथे स्थापन झाला. त्याचे नाव किन्नर आखाडा. तृतीयपंथी, म्हणजे ज्यांना आपण रस्त्यावर हिजडे म्हणतो, त्यांचा हा आखाडा. उज्जैनचे ऋषी अजय दास हे त्याच्या स्थापनेतील एक. आणि आचार्य महामंडलेश्वर झाल्या त्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी, मूळच्या ठाण्याच्या, भरतनाट्यम् शिकलेल्या, आणि ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ ह्या मराठी आत्मचरित्रामुळे आपल्याकडील वाचकांना परिचित असलेल्या. २०१४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना स्वतंत्र लिंगओळख देणारा जो निकाल दिला, त्या खटल्यात आपले म्हणणे मांडणाऱ्यांपैकी त्या एक होत्या. न्यायालयात जागा मिळाली होती. आता ती देवळाच्या दारात मागावयाची होती, असे म्हणता येईल.

उज्जैनचा सिंहस्थ २२ एप्रिल ते २१ मे २०१६ ह्या काळात भरला. ह्या मेळ्याशी आपला संबंध जुना आहे. आज ज्या स्वरूपात महाकालेश्वराचे मंदिर उभे आहे ते अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर ह्यांनी बांधविले, आणि नाशिकच्या साधूंना उज्जैनला बोलावून तेथे सिंहस्थ सुरू करण्याचे श्रेयही राणोजींनाच दिले जाते. साधूंच्या थाटाच्या प्रवेश-मिरवणुकीला तेथे ‘पेशवाई’ म्हणत आले आहेत. शनिवारवाड्याचा इतिहास शिकलेल्या आपल्या मुलांना हा शब्द ऐकून गंमत वाटते.

मान्यताप्राप्त आखाडे तेरा : शैवांचे सात, वैष्णव बैराग्यांचे तीन आणि उदासीन व निर्मल मिळून तीन. त्यांची अखिल भारतीय आखाडा परिषद आहे. ह्या परिषदेचे तेव्हाचे अध्यक्ष महंत नरेंद्र गिरी ह्यांनी स्पष्ट सांगितले की आखाडे तेराच राहतील, चौदाव्याला मान्यता नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हा नावापुरता वाद वाटेल. तसा तो नव्हे. मेळ्यात तंबूंसाठी जागा कोठे व किती, पाणी आणि वीज कोणी पुरवावयाची, शाही स्नानाच्या दिवशी कोणत्या घाटावर कोणत्या क्रमाने उतरावयाचे, हे सारे मान्यतेवर ठरते. ज्याला मान्यता नाही तो साधू असला तरी मेळ्यात प्रेक्षकच. त्याच मेळ्यात साध्वी त्रिकाल भवंता ह्यांचा स्त्रियांचा परी आखाडाही ह्याच मान्यतेसाठी झगडत होता. त्यालाही ती मिळाली नाही. किन्नर आखाड्याने मात्र आपली बाजू वेगळ्या ठिकाणी नेऊन उभी केली. किन्नरांना उपदेवतेचे स्थान आमच्या पुराणांनीच दिले आहे, तेव्हा परिषदेच्या शिक्क्याची आम्हांस गरज नाही, अशी त्यांची भूमिका होती. परिषदेकडे न जाता त्यांनी सरळ लोकांकडेच कौल मागितला.

आणि लोक आले. मिरवणूक निघाली तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसे दाटली होती, आणि पुढे महिनाभर ह्या आखाड्याच्या तळावर दर्शनासाठी रांगा लागत राहिल्या. वर्तमानपत्रांतील छायाचित्रे मी तेव्हा जपून ठेवली होती. त्यांत पाया पडणाऱ्या बायका आहेत, आशीर्वादासाठी पुढे केलेली तान्ही मुले आहेत, किन्नराच्या हातचा एक रुपया मिळावा म्हणून पसरलेले तळहात आहेत. तो रुपया तिजोरीत ठेवला की घरात बरकत येते अशी समजूत आहे. ज्या हातांनी टाळी वाजताच आपण गाडीच्या डब्यात काच वर करतो वा डोळे मिटून झोपेचे सोंग घेतो, त्याच हातांसाठी येथे रांग.

ह्या श्रद्धेमागे एक लोककथा आहे. राम वनवासास निघाला तेव्हा त्याने नदीकाठी स्त्री-पुरुषांना परत जाण्यास सांगितले. जे स्त्रीही नव्हते व पुरुषही नव्हते ते तेथेच चौदा वर्षे थांबले, आणि परतल्यावर रामाने त्यांना आशीर्वाद देण्याची शक्ती दिली, असे ती सांगते. लग्नात, बारशाला किन्नरांना बोलावण्याची रीत ह्यातूनच आली असे ते मानतात. पण आशीर्वादाची शक्ती ज्याला द्यावी त्याला शापाची शक्तीही आपोआप मिळते. म्हणून आपल्या लोकांच्या मनात त्यांच्याविषयी आदर आणि भीती ह्या दोन्ही एकाच घागरीत भरलेल्या आहेत. इंग्रजांनी तर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात त्यांच्यासाठी वेगळा भाग घालून त्यांची नोंदणी सुरू केली आणि बायकी पोशाखात सार्वजनिक जागी नाचणे-गाणे हा गुन्हा ठरविला. पूर्वी आदराने वा भीतीने का होईना, लोक त्यांच्याकडे बघत. आता पोलीस बघू लागले.

बघणाऱ्यांचा विषय निघाला म्हणून मातीच्या आखाड्यातील एक उदाहरण सांगतो. १९५० च्या सुमारास हमीदा बानू नावाची एक स्त्री-मल्ल पुरुषांशी कुस्त्या खेळत असे. १९५४ च्या मे महिन्यात बडोद्यास तिने बाबा पहिलवान ह्यांना एक मिनिट चौतीस सेकंदांत चीत केले. तिच्या कुस्त्यांना लोक तिकिटे काढून गर्दी करीत. पण तिने पुरुषाला पाठीवर पाडले की त्याच गर्दीतून शिव्या येत, एकदा तर दगडही आले आणि पोलिसांना मध्ये पडावे लागले. पुण्यात रामचंद्र साळुंखे ह्यांच्याशी ठरलेली तिची कुस्ती तेथील कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली. लोकांना ती आखाड्यात हवी होती; तिचे जिंकणे मात्र त्यांना खपत नव्हते. अगदी अलीकडे, २०२० च्या फेब्रुवारीत, अमेरिकेत नायला रोझ ही पारलिंगी स्त्री तेथील एका मोठ्या व्यावसायिक कुस्ती-कंपनीची महिला विजेती झाली. त्या खेळात कुस्तीगिरांना नायक-खलनायकांच्या भूमिका वाटून दिलेल्या असतात, आणि तिच्या वाट्याला आली होती खलनायिकेची. आता प्रेक्षक हुर्यो करतात ती भूमिकेची की माणसाची, हे कसे ओळखावयाचे?

हा प्रश्न आपल्याला परका वाटू नये. तमाशातील नाच्या ज्यांनी पडद्यावर अमर केला ते गणपत पाटील संसारी गृहस्थ होते, परंतु लोकांनी ती भूमिका त्यांच्या उंबरठ्यापर्यंत नेली आणि त्याचा जाच त्यांच्या कुटुंबाला सोसावा लागला. आनंद यादवांच्या ‘नटरंग’मधील गुणा तर पिळदार देहाचा पुरुष, कलेच्या वेडापायी नाच्या होतो आणि प्रतिष्ठा गमावून बसतो. २०१० साली आलेला त्यावरचा चित्रपट आपण सर्वांनी पाहिला, हळहळलो, आणि घरी येताना सिग्नलला टाळी ऐकून काच वर केली. मीही केली आहे.

म्हणून उज्जैनच्या रांगांचा अर्थ लावताना मला थोडे थांबावेसे वाटते. गर्दी आली हे खरे; ती मान्यता होती काय? मध्यप्रदेशानेच ह्याचे दुसरे एक उत्तर आधी दिले होते. शबनम मौसी सोहागपूर मतदारसंघातून विधानसभेवर निवडून आल्या. कमला जान कटनीच्या महापौर झाल्या. लोकांनी त्यांना मते दिली ती गंमत म्हणून, की नेहमीच्या पुढाऱ्यांना धडा शिकवावा म्हणून, की खरोखर विश्वासाने, हे मतपेटीतून कळत नाही. पण कटनीचे पद स्त्रियांसाठी राखीव होते आणि कमला जान स्त्री नव्हेत असे म्हणून न्यायालयाने निवडणूक रद्द केली. लोकांचा कौल मिळाला तरी कागदावरचा रकाना हवाच, हे तेव्हा दिसून आले. केरळात ह्याच्या उलट घडले. २०१७ साली कोची मेट्रोने तृतीयपंथीयांना नोकऱ्या दिल्या तेव्हा देशभर कौतुक झाले. पण त्यांपैकी काहींनी महिन्याभरातच नोकरी सोडली, कारण शहरात कोणी त्यांना भाड्याने खोली देईना. टाळ्या पुष्कळ वाजल्या, पण एक खोली मिळेना. २०११ च्या जनगणनेत स्त्री वा पुरुष ह्याऐवजी ‘इतर’ असे लिहिलेली माणसे ४,८७,८०३ होती. ही सगळी रोज रात्री कोठे झोपतात हा प्रश्न मिरवणुकीपेक्षा कमी आकर्षक, पण अधिक कठीण आहे.

मी ख्रिस्ती धर्माचा; कुंभाच्या व्यवस्थेविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही आणि तसा आवही मी आणीत नाही. माझा संबंध आला तो वर्गातून. त्या वर्षी वर्तमानपत्रातील मिरवणुकीचे एक छायाचित्र मी सूचनाफलकावर लावले होते. मधल्या सुट्टीनंतर पाहतो तो त्याखाली एका मुलाचे नाव खडूने लिहिलेले. हा मुलगा जरा हळू बोलणारा, मुलींच्या घोळक्यात बसणारा. तो काही बोलला नाही. त्याने फलक पुसला आणि जागेवर जाऊन बसला. छायाचित्रातील माणसे त्या क्षणी हजारोंना आशीर्वाद देत होती, आणि त्यांच्यासारखे असणे हीच येथे शिवी होती. त्या आठवड्यात धर्मशिक्षणाच्या तासाला मी प्रेषितांच्या कृत्यांमधील हबशी षंढाची कथा घेतली. तो यरुशलेमहून परतत होता. जुन्या नियमशास्त्राप्रमाणे त्याला मंडळीत प्रवेश नव्हता. वाटेत पाणी दिसले तेव्हा त्याने फिलिपाला विचारले की माझ्या बाप्तिस्म्याला आता अडचण काय? फिलिपाने परिषद बोलाविली नाही. तो त्याच्याबरोबर पाण्यात उतरला. आमच्या चर्चमध्येही ह्या कथेचा अर्थ अजून पुरता पचनी पडलेला नाही, हेही मुलांना सांगणे मला भाग होते.

उज्जैनच्या आखाड्याची पुढील हकीकत थोडक्यात सांगतो. २०१९ च्या प्रयागराज कुंभात तो जुना आखाडा ह्या सर्वांत मोठ्या शैव आखाड्याशी जोडला गेला आणि त्याच्या बरोबरीने शाही स्नानाला उतरला. चौदावा आखाडा म्हणून मान्यता मिळाली नाही; तेराव्यांपैकी एकाच्या सावलीत जागा मिळाली. काहींना ही जीत वाटते, काहींना तडजोड. त्याआधी २०१८ साली लक्ष्मी त्रिपाठी ह्यांनी अयोध्येतील राममंदिराला पाठिंबा दिला तेव्हा तृतीयपंथीयांमधील अनेक व्यक्ती व संघटनांनीच जाहीर निषेध केला. हिजड्यांच्या घराण्यांत हिंदू आणि मुसलमान चेले एका गुरूच्या छपराखाली राहत आले आहेत. एका धर्माचा झेंडा उभारला की त्या छपराचे काय, ही त्यांची चिंता होती. ती मला अनाठायी वाटत नाही. २०२५ च्या महाकुंभात पूर्वीच्या चित्रपट-अभिनेत्री ममता कुलकर्णी ह्यांना ह्या आखाड्याने महामंडलेश्वर केले आणि मोठा गदारोळ झाला. अजय दास ह्यांनी त्यांना व लक्ष्मी त्रिपाठींना काढून टाकल्याचे जाहीर केले. त्रिपाठींनी उलट दासांनाच पूर्वी काढले असल्याचे सांगितले. ममताबाईंनी फेब्रुवारीत पद सोडले आणि थोड्याच दिवसांत परत घेतले. गर्दी मात्र ह्याही वेळी ओसरली नाही, उलट वाढली. भांडण पाहावयासही लोक येतातच.

एका दृष्टीने ह्यात समाधान मानण्यासारखेही काही आहे. तेरा आखाड्यांतही गादीवरून भांडणे होतात, खटले होतात, आणि त्यावरून कोणी असे म्हणत नाही की साधूंना आखाडा असूच नये. किन्नरांचे भांडण झाले की मात्र ‘हे असेच व्हायचे’ असे लोक चटकन् म्हणतात.

उज्जैनला पुन्हा सिंहस्थ भरावयाचा तो २०२८ साली. माझ्या वर्गातील तो मुलगा आता नोकरीला आहे. मागच्या नाताळात तो भेटावयास आला होता. दोन महिन्यांपासून शहरात खोली शोधतो आहे, असे म्हणाला.