लीड्स आणि ब्रॅडफर्ड : चौदा किलोमीटरचे अंतर

यॉर्कशायरमध्ये नोकरी मिळालेला आपला नवागत बांधव पहिल्याच आठवड्यात विचारतो : घर लीड्सला घ्यावे की ब्रॅडफर्डला? जुन्या रहिवाशांचे उत्तर ठरलेले असते. रेल्वे हवी असेल तर लीड्स, माणसे हवी असतील तर ब्रॅडफर्ड. उत्तर ऐकायला गोड आहे. मात्र त्याचा पहिला भाग जितका खरा, तितका दुसरा सरळ नाही.

दोन्ही शहरांच्या मध्यभागांत जेमतेम चौदा किलोमीटरचे अंतर आहे. दोन्ही लोकरीवर वाढली आणि दोन्हींना शेजाऱ्याचे वैभव नेहमीच खुपत आले. ब्रिटनमधील पहिल्या ट्रॉलीबस १९११ साली या दोन शहरांनी एकाच दिवशी सुरू केल्या. लीड्सने लवकरच त्यांचा नाद सोडला. ब्रॅडफर्डने त्या १९७२ पर्यंत, देशात सर्वांत शेवटपर्यंत, चालवल्या. आज लीड्सची लोकसंख्या आठ लाखांवर आहे, ब्रॅडफर्डची साडेपाच लाखांच्या आसपास. रेल्वेच्या बाबतीत मात्र हे प्रमाण कुठल्या कुठे जाते.

लीड्स स्थानकातून गाड्या चहूदिशांना आरपार जातात. लंडनला सव्वादोन तासांच्या आसपास पोहोचता येते. मँचेस्टर, यॉर्क, न्यूकॅसल, एडिंबरा हे सारे हाताशी. ब्रॅडफर्डला दोन स्थानके आहेत आणि दोन्ही ठिकाणी रूळ संपतात. दरीच्या एका बाजूला फोर्स्टर स्क्वेअर, दुसऱ्या बाजूला इंटरचेंज. पायी सुमारे दहा मिनिटांची वाट, पण मध्ये रूळ नाही. इंटरचेंजमार्गे लीड्सहून हॅलिफॅक्सला जाणारी गाडी येथे येते, चालक या टोकाकडून त्या टोकाला जातो आणि गाडी उलट्या दिशेने निघते. दौंडला इंजिनाची दिशा बदलेपर्यंत फलाटावर चहा घेतलेल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल.

ही कोंडी निसर्गाने जितकी घातली तितकीच कंपन्यांच्या चुरशीने. शहर वाटीसारख्या खोलगट भागात वसलेले. १८४६ मध्ये उत्तरेकडून एक मार्ग आला, १८५० मध्ये दक्षिणेकडून दुसऱ्या कंपनीचा. दोघींनी आपापली स्थानके बांधली आणि दोघींना जोडण्याची घाई कुणालाच नव्हती. पहिल्या महायुद्धापूर्वी मिडलँड रेल्वेने शहराखालून आरपार मार्ग नेण्याची योजना आखली. महायुद्धानंतर ती बारगळली. १९७३ मध्ये दक्षिणेकडचे स्थानक नव्याने बांधताना ते आणखी थोडे दक्षिणेला सरकवण्यात आले. म्हणजे जोडायचे राहिले बाजूलाच, अंतर तेवढे वाढले.

आता माणसांविषयी. ब्रॅडफर्डच्या बसमध्ये चालक अनोळखी प्रवाशालाही ‘लव्ह’ म्हणून संबोधतो, उतरताना प्रवासी त्याचे आभार मानतात. पण हे लीड्समध्येही घडते. ती यॉर्कशायरची रीत आहे, एका शहराची मिरास नव्हे. ब्रॅडफर्डचे वेगळेपण आहे ते तिथे येऊन राहिलेल्यांच्या इतिहासात. एकोणिसाव्या शतकात जर्मन लोकर-व्यापारी आले. त्यांच्या वखारींचा परिसर अजूनही ‘लिटल जर्मनी’ म्हणून ओळखला जातो. त्यांच्यातील ज्यूंनी १८८१ मध्ये एक सिनेगॉग उभारले. २०१२-१३ च्या सुमारास त्याचे छत गळू लागले, सदस्य मोजकेच उरले आणि इमारत विकण्याची वेळ आली, तेव्हा ती वाचवण्यासाठी शहरातील मुसलमान शेजारी आणि मशिदींची संघटना पुढे सरसावली. याच शहराने जुलै २००१ ची दंगलही पाहिली आहे. म्हणून येथील आपुलकी ही भोळी वृत्ती नव्हे; शेजारी कसे राहायचे हे येथील लोकांना किंमत मोजून शिकावे लागले आहे. लीड्स आपल्या परीने सौजन्यशील आहे. पण तेथे थांबून बोलायला सवड कमी. निम्मी माणसे पुढची गाडी पकडण्याच्या घाईत असतात.

येथेच त्या ठरलेल्या उत्तराशी माझे मतभेद सुरू होतात. ‘रेल्वे नाही, पण माणसे प्रेमळ’ असे म्हणताना आपण नकळत एका अन्यायाचे कौतुक करतो. लीड्समध्ये कामाला जाणाऱ्या ब्रॅडफर्डच्या तरुणीला चौदा किलोमीटरसाठी रेल्वेने वीस मिनिटे लागतात, हे एकवेळ ठीक. परंतु लीड्सच्या पलीकडे कुठेही जायचे झाले की गाडी बदलणे, चुकणे आणि थांबणे बहुधा तिच्याच वाट्याला येते. अशा शहराकडे मालक यायला कचरतात, पगार मागे राहतात आणि घरे स्वस्त राहतात. तो स्वस्तपणा आपल्याला सोयीचा वाटतो, एवढेच. आरपार जाणाऱ्या नव्या स्थानकाची मागणी तेथे वर्षानुवर्षे होत आहे. त्या मागणीत बाहेरून येऊन राहिलेल्या आपणही आवाज मिसळायला हवा.

लीड्सनेही फार मिरवू नये. त्याची ट्राम १९५९ मध्ये बंद झाली आणि नव्या ट्रामची योजना २००५ मध्ये सरकारने गुंडाळली. स्थानकाबाहेर पडल्यावर तेथेही बसच. दोन्ही शहरांची नावे मिरवणाऱ्या विमानतळालाही स्वतःचे रेल्वे स्थानक नाही.

घर पाहायला निघालेल्यांनी एवढे ध्यानात ठेवावे : शिप्ली किंवा स्किप्टनकडे जायचे तर फोर्स्टर स्क्वेअर, हॅलिफॅक्स किंवा मँचेस्टरकडे जायचे तर इंटरचेंज, लीड्सला दोन्हींकडून जाता येते. चुकीच्या स्थानकावर पोहोचलात तर कुणालाही वाट विचारा. तो बहुधा निम्म्या वाटेपर्यंत तुमच्यासोबत चालत येईल.