पिंशोचे अरण्य आणि पुसदचे गवत

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अमेरिकेच्या सार्वजनिक जीवनात जे मन्वंतर घडले, त्याच्या मुळाशी एकच तळमळ होती : रेल्वे कंपन्या, तेलाचे व मांसाचे मक्तेदार आणि नगरोनगरीचे राजकीय दलाल यांच्या मुठीत गेलेला कारभार पुन्हा लोकांच्या हाती यावा. त्या तळमळीतून १९०६ साली शुद्ध अन्न व औषधांचा कायदा झाला, १९१३ साली सेनेटरांची निवडणूक थेट मतदारांकडे आली आणि १९२० साली स्त्रियांना देशभर मताधिकार मिळाला. या सुधारणांवर आपल्याकडे थोडेफार लिहिले गेले आहे. परंतु त्याच पर्वातील एक सुधारणा अशी आहे की जिचे धागेदोरे थेट आपल्या वणी, पांढरकवडा, पुसदच्या सागवानी जंगलांशी येऊन भिडतात, आणि तिच्याकडे मात्र यवतमाळ जिल्ह्यातल्या वाचकाचे लक्ष क्वचितच वेधले गेले आहे. ती सुधारणा म्हणजे जंगलांचे सरकारी संरक्षण.

अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचे विश्वासू वनाधिकारी गिफर्ड पिंशो हे तिचे प्रवर्तक. येल विद्यापीठातून पदवी घेतल्यावर १८८९ साली हा तरुण वनविद्या शिकण्यासाठी युरोपात गेला आणि बॉन येथे त्याला गुरू भेटले ते सर डीट्रिख ब्रांडिस. हे ब्रांडिस जन्माने जर्मन, पण त्यांची हयात गेली ती ब्रह्मदेशात आणि हिंदुस्थानात. १८६४ साली स्थापन झालेल्या हिंदी वनखात्याचे ते पहिले महानिरीक्षक. म्हणजे ज्या अमेरिकन वनसेवेची १९०५ साली मोठ्या गौरवाने स्थापना झाली, तिचा पाया घालणाऱ्याने आरंभीचे धडे गिरवले ते हिंदुस्थानातल्या जंगलांवर अंमल चालवलेल्या माणसापाशी. योगायोग असा की त्याच १९०५ साली वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेररचना होऊन जुन्या वणी जिल्ह्याला वाशीमकडचा पुसद तालुका जोडण्यात आला आणि आजचा यवतमाळ जिल्हा आकारास आला.

मग एकाच गुरूच्या विद्येला अमेरिकेत सुधारणेची प्रतिष्ठा लाभावी आणि वऱ्हाडात तिच्याविरुद्ध सत्याग्रह व्हावा, हे कसे? या प्रश्नाचे उत्तर वनशास्त्रात सापडत नाही, ते राज्यव्यवस्थेत शोधावे लागते.

ब्रांडिस यांच्यावर येथे अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. गावांना स्वतःची जंगले असावीत, रहिवाशांच्या परंपरागत हक्कांची दखल घेतली जावी, असे त्यांचे मत होते. परंतु १८७८ च्या वनकायद्यात सरशी झाली ती बेडन-पॉवेल या मुलकी अधिकाऱ्याच्या पक्षाची. गुरे चारणे, मोळी आणणे, मोहफुले वेचणे हा रयतेचा हक्क नसून सरकारने दिलेली सवलत आहे, आणि सवलत केव्हाही काढून घेता येते, असा त्या पक्षाचा दावा होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने या कायद्याला हरकत घेतली. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली लिहून पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जंगलखात्याने शेतकऱ्याच्या गुरांचा चारा कसा हिरावला याची कैफियत मांडली. परंतु ज्या सरकारला निवडणुकीची भीती नाही, त्याला कैफियतीची कसली भीती?

वऱ्हाडात तर रयतेची स्थिती याहून विचित्र होती. मुलूख नावाचा निजामाचा, अंमल इंग्रजांचा. १९०२ च्या करारान्वये दरसाल २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात तो इंग्रजांकडे कायम पट्ट्याने गेला, आणि त्या व्यवहारात वऱ्हाडच्या एकाही कास्तकाराला कोणी विचारले नाही. जंगलांची वर्गवारी झाली : पहिला वर्ग इमारती लाकडाचा व सरपणाचा, दुसरा राखीव गवताच्या रमण्यांचा, तिसरा चराईचा. कागदावर ही व्यवस्था शास्त्रशुद्ध दिसते. परंतु रमण्याची हद्द ओलांडलेली गाय कोंडवाड्यात जाते, तिला सोडवायला दंड भरावा लागतो, आणि तो भरण्यासाठी सावकाराचे दार ठोठावावे लागते, हे त्या वर्गवारीत कोठेच लिहिलेले नसते. पैनगंगेच्या खोऱ्यातील बंजाऱ्यांच्या तांड्यांना आणि डोंगराळ भागातील गोंड-कोलामांच्या पोडांना सरकारचा चेहरा म्हणून ठाऊक होता तो जंगलखात्याच्या शिपायाचाच.

अमेरिकेतही विरोध झालाच. १९०६ पासून पिंशोंनी वनातील चराईला शुल्क लावले, तेव्हा पश्चिमेकडचे पशुपालक खवळले. १९०७ साली डेन्व्हर येथे त्यांची मोठी परिषद भरली आणि तिथे पिंशोंना स्वतः उभे राहून आपली बाजू मांडावी लागली. त्याच वर्षी काँग्रेसने सहा राज्यांत नवी राखीव वने जाहीर करण्याचा अध्यक्षांचा अधिकार काढून घेतला. त्या मसुद्यावर सही करण्यापूर्वी रूझवेल्ट यांनी १ कोटी ६० लाख एकर जंगल घाईघाईने राखीव करून टाकले, तो भाग निराळा. कोलोरॅडोतील फ्रेड लाइट नावाचा पशुपालक चराईचा परवाना न घेता सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडला आणि १९११ साली हरला. पण तो भांडू शकला, त्याचे प्रतिनिधी कायदेमंडळात होते, आणि ज्या अधिकाऱ्याशी त्याचे भांडण होते त्याला लोकांपुढे जाब द्यावा लागत होता.

ज्यांना हे साधन नव्हते त्यांची गत अमेरिकेतही वऱ्हाडसारखीच झाली. न्यू मेक्सिकोतील ताओस पुएब्लो या आदिवासी समाजाचे परमपवित्र निळे सरोवर १९०६ साली राष्ट्रीय वनात घेण्यात आले. देशातील सर्व आदिवासींना नागरिकत्व मिळाले ते १९२४ साली. सरोवर व त्याभोवतीचे ४८,००० एकर अरण्य परत मिळायला १९७० साल उजाडावे लागले. सुधारकांच्या त्या पर्वावरचा हा डाग त्यांच्या थोर कामगिरीच्या जोडीनेच नोंदवला गेला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता पुसद. १९३० च्या एप्रिलमध्ये देश मिठाचा कायदा मोडत असताना समुद्र नसलेल्या वऱ्हाडने अकोला जिल्ह्यातील दहीहंडा येथे खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ काढले. परंतु यवतमाळच्या माणसाला खरा जाच होता तो जंगलाच्या कायद्याचा, आणि ही नाडी अचूक ओळखली ती वणीत जन्मलेल्या लोकनायक माधव श्रीहरी ऊर्फ बापूजी अणे यांनी. अणे काही उतावीळ क्रांतिकारक नव्हते. टिळकांचे अनुयायी, व्यवसायाने वकील, मध्यवर्ती कायदेमंडळात बसलेले, प्रतियोगी सहकाराच्या मार्गाने जाणारे, कायद्याची बूज राखणारे गृहस्थ. अशा माणसाने १० जुलै १९३० रोजी, ऐन आषाढात, पुसदच्या राखीव जंगलात हाती विळा घेऊन गवत कापले आणि त्यासाठी सहा महिन्यांचा कारावास पत्करला. त्याच महिन्याच्या २१ तारखेला डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांनी यवतमाळ येथे जंगल सत्याग्रह करून शिक्षा भोगली. पुढे मध्यप्रांतात आणि कुलाबा जिल्ह्यातील चिरनेरपर्यंत हे लोण पसरले, आणि तिथे गोळीबारही झाले.

त्या कापलेल्या गवताची बाजारात किंमत ती काय असणार! परंतु ज्या गवतावर आपल्या बैलाचा हक्क आहे ते कापण्याला गुन्हा ठरवणारा कायदा कोणाच्या संमतीने झाला, हा सवाल त्या विळ्याच्या पात्यावर होता. जंगल राखू नये, असे सत्याग्रह्यांचे म्हणणे नव्हते. राखणाऱ्यांत आम्हीही असू, असे होते. पिंशोंचे राखीव अरण्य आणि पुसदचा राखीव रमणा यांतील भेद एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

स्वातंत्र्यानंतरही जंगलखात्याची घडी बरीचशी जुनीच राहिली. अखेर २००६ च्या वनहक्क कायद्याने आपल्या प्रास्ताविकातच आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली दिली आणि सामूहिक वनहक्काचा दावा करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. २००९ साली गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाने तो मिळवून दाखवला. आपल्या जिल्ह्यातील ज्या ग्रामसभांनी हा दावा अद्याप केला नसेल, त्यांनी दप्तरातले निस्तारपत्रक काढावे, वडीलधाऱ्यांचे जबाब लिहून घ्यावेत, गुरांच्या वाटा व पाणवठे नकाशावर मांडावेत आणि ठराव करून दावा उपविभागीय समितीकडे पाठवावा. गावातल्या शिकल्यासवरल्या तरुणांनी या लिखापढीला हातभार लावावा, ही कळकळीची विनंती.